श्याम आवडला, आता पुढे कोण?



यात्रेतला वग संपला, कनात उतरली, की घराकडे निघालेल्या माणसांचे बोलणे जरा कान देऊन ऐकावे. कथा काय होती हे कोणी सांगत बसत नाही. जो तो पात्रांबद्दल बोलतो. ‘राजा हरिश्चंद्र ठीकच होता हो, पण तारामतीने रडवले.’ ‘आपल्याला बुवा सोंगाड्याच आवडला.’ आणि थोडे अंतर चालून झाले की कोणीतरी हमखास विचारतो, ‘असा दुसरा वग कोणाकडे आहे?’ प्रेक्षक पैसे मोजतो ते खेळाचे. पण घरी घेऊन जातो ते एखादे पात्र. ते घरात आले, बोलण्यात आले, पोरांच्या खेळात आले, की त्याला सोबती हवासा वाटतो. आजचे माझे बोलणे या सोबत्याविषयी आहे. ज्याला एक पात्र आवडले त्याला दुसरे कोणते सुचवावे, आणि आपल्या मराठी मुलखात ही शिफारस आजवर कोण आणि कशी करीत आले, ते पाहावयाचे आहे.

विषय करमणुकीचा वाटेल. पण खेड्यातल्या शाळेत जे शिकवतात त्यांना विचारा. मूल एक पुस्तक आवडीने वाचते, एक चित्रपट डोळे विस्फारून पाहते, आणि ‘गुरुजी, आता दुसरे काय?’ असे विचारते. हा प्रश्न फार वेळा विचारला जात नाही. दोनदा, फार तर तीनदा. तेवढ्यात नीट उत्तर मिळाले तर ते मूल वाचक होते, प्रेक्षक होते. नाही मिळाले तर पुस्तक कपाटात आणि मूल आपल्या वाटेने. शहरातल्या मुलाला पुढे आणखी चार दारे असतात. आपल्याकडे बहुतेक वेळा गुरुजी हे एकच दार असते.

पूर्वी ही शिफारस करण्याचे काम नाटक मंडळ्यांनी केले, आणि त्यांची रीत अगदी सोपी होती. चेहरा तोच ठेवायचा, पात्र बदलायचे. बालगंधर्वांचेच पाहा ना. लहानपणाचा काही काळ त्यांनी आपल्या जळगावात काढला. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे. 1905 साली ते किर्लोस्कर मंडळीत शकुंतला होऊन उभे राहिले. ज्यांना ती शकुंतला आवडली ते त्यांची सुभद्रा पाहायला आले. 1911 साली खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त भामिनी आली, 1916 साली ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी आली. ज्याला भामिनीचा तोरा आवडला, त्याच्यासाठी रुक्मिणीचा लडिवाळपणा तयार होता. गाणे तेच, गळा तोच, शालूचा झोक तोच. प्रेक्षक एका पात्राचा हात धरून दुसऱ्याच्या घरी आपोआप पोचत असे.

आणि मग 1919 च्या फेब्रुवारीत ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. लिहिणारे गडकरी महिनाभर आधीच वारले होते. ज्या बालगंधर्वांना पाहायला लोक भरजरी शालूंच्या आशेने येत, ते सिंधू होऊन फाटक्या लुगड्यात जात्यापाशी बसले. रुक्मिणी पाहून सिंधू पाहायला आलेल्या माणसाला काय वाटले असेल याची कल्पना करा. वरून पाहिले तर या दोघींत एका नटाखेरीज काही सारखे नाही. एक राजकन्या, एक दारुड्याची बायको. तरीही तोच प्रेक्षक सिंधूपाशी थांबला, कारण मन ठरल्यावर ते न ढळू देणारी बाई त्याने आधीच्या वेषातही पाहिली होती. मंडळीने शिफारस केली ती चेहऱ्याच्या बळावर. ती टिकली मात्र आतल्या कशाने तरी.

दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट काढले तेव्हा हाच मार्ग चालू राहिला. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्यात तारामतीचे काम करायला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढचे तितके ठाऊक नसते. 1914 साली फाळक्यांनी ‘सत्यवान सावित्री’ दिला. तारामतीसाठी ज्याचे डोळे भरले त्याच्यासमोर सावित्री आली. 1917 साली ‘लंकादहन’ आला, आणि त्यात याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली. स्वयंपाकघरातली बाई, जिने कधी नाटकगृहाची पायरी चढली नव्हती, ती या चित्रांना आली, कारण पडद्यावरचे प्रत्येक पात्र तिच्या आजीने तिला आधीच सांगून ठेवले होते. कीर्तनकारही पिढ्यान् पिढ्या हेच करीत आलेले. ध्रुवाचे आख्यान ज्या गावाला रुचले, तिथे पुढच्या वर्षी प्रल्हाद.

या रीतीत एक उणीव होती. ती लावणाऱ्याच्या सोयीची होती. मंडळीकडे कोणता नट आहे, पेटीत कोणता पोशाख आहे, त्यावर पुढचे पात्र ठरे. समोर बसलेल्या माणसाला आधीच्या पात्रातले नेमके काय भावले, हे कोणी विचारीत नसे. आणि प्रेक्षकाला जे भावते ते दर वेळी वरवर दिसणारे असतेच असे नाही. याचा सर्वांत मोठा पुरावा 1907 सालच्या ‘कीचकवधा’त आहे.

नाटक महाभारतातले. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक, थांबा म्हणणारा युधिष्ठिर आणि हात शिवशिवणारा भीम. कथा पोरासोरांनाही पाठ. पण खाडिलकर हे टिळकांच्या ‘केसरी’तले. वंगभंगाचा घाव ताजा होता. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला कीचकाच्या तोंडी लॉर्ड कर्झन बोलताना ऐकू आला. द्रौपदी म्हणजे देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, हे कोणी जाहिरातीत छापले नव्हते. लोकांनीच लावून घेतले. सरकारला हे कळायला थोडा वेळ लागला, आणि 1910 साली नाटकावर बंदी आली.

आता सांगा, या भीमावर लुब्ध झालेल्या तरुणाला पुढचे पात्र कोणते द्यावे? चेहऱ्याच्या हिशेबाने द्यायचे तर आणखी एखादा गदाधारी, एखादा हनुमान, एखादा बलराम. पण त्या तरुणाला गदा आवडलीच नव्हती. त्याला आवडला होता तो अन्याय सहन न होणारा माणूस. 50 वर्षांनंतर, 1959 साली, अण्णा भाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ लिहिली. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी इंग्रजांचा खजिना लुटणारा मांग समाजातला हा वीर. ‘कीचकवधा’तल्या भीमाचा खरा भाऊ शोधायचा तर मी फकिराकडे बोट दाखवीन. एक राजवाड्यातला, एक गावकुसाबाहेरचा. वेष पाहाल तर चुकाल, चीड पाहाल तर जुळेल.

तसेच देवलांच्या शारदेचे. 1899 सालचे नाटक. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लग्न लावून द्यायला निघालेल्या मुलीची ही कथा. (पुढे 1929 साली बालविवाहाविरुद्ध जो ‘शारदा कायदा’ झाला, त्याचे नाव या नाटकावरून पडले असे पुष्कळांना वाटते. तो कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाचा. पण गैरसमज असा जुळून आला की मोडवत नाही!) शारदा नाटकात सुटते. जिला सुटका मिळाली नाही अशी तिची सखी पाहायची असेल तर हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ मधल्या यमूला भेटले पाहिजे. 1890 साली निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगू लागली. शारदा गाते, यमू बोलते. गाण्याने हललेल्या माणसाला हे साधे बोलणे सुरुवातीला सपक वाटेल. पण पन्नास पाने होऊ द्या, मग पुस्तक खाली ठेवून दाखवा.

विनोदी पात्रांची वंशावळ मी थोडक्यातच सांगतो, कारण ती लेखकांनी स्वतःच लावून ठेवली आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या उभे केले. गडकरी त्यांना गुरू मानीत. त्यांनी बाळकराम, तिंबूनाना आणि भांबूराव आणले. त्यानंतर बडोद्याला पालीसारखा गंभीर विषय शिकवणाऱ्या चिं. वि. जोश्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिले. ही जोडी 1940 साली ‘लग्न पाहावे करून’ या चित्रपटात आली आणि पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने घरोघर पोचली. आकाशवाणीच्या जुन्या श्रोत्यांना ‘प्रपंच’मधले टेकाडे भावजी आठवत असतील, तेही याच गोतावळ्यातले. ज्याला चिमणराव आवडला त्याला पुलंच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’कडे पाठवावे, हे सांगायला प्राध्यापक कशाला हवा? एवढेच लक्षात ठेवा, की चिमणराव दोन कारणांनी आवडतो. कोणी त्याच्या फजितीला हसतो. त्याने नारायणाकडे जावे. कोणाला त्या फजितीमागचा गरीब, सरळ माणूस दिसतो. त्याने अंतू बर्व्याकडे जावे. तिथे हसता हसता घसा दाटतो.

बाबूराव अर्नाळकरांबद्दल मात्र दोन शब्द जास्त बोललेच पाहिजेत. हजाराहून अधिक रहस्यकथा या माणसाने लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावे एके काळी गुजरीतल्या हमालापासून वकिलापर्यंत सगळ्यांच्या ओठांवर होती. शाळेत मात्र ती पुस्तके बाकाखालीच वाचली जायची आणि गुरुजींच्या हाती लागली की जप्त व्हायची. जप्त करणाऱ्याने त्या मुलाला त्या बदल्यात दिले काय? बहुधा चरित्र, तेही बोधपर! मुलाला हवा होता वेग, धोका आणि त्यातून डोके लढवून सुटणारा माणूस. हे सगळे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेत होते. फुरसुंगीचा हा बनेश फेणे सायकलवर बसतो, ‘ट्टॉक्’ करतो आणि मोठ्यांना न दिसलेला चोर त्याला दिसतो. भागवतांनीच ज्यूल व्हर्नच्या साहसकथाही मराठीत आणल्या. म्हणजे फेणेनंतर कुठे जायचे त्याचाही रस्ता त्यांनी बांधून ठेवला. आणि भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला आहे. धनंजय ते होम्स हे अंतर एका उन्हाळी सुटीचे. जप्तीची गरज काय?

हल्ली शिफारशीचे काम मोबाईलने हाती घेतले आहे. एक चित्रपट पाहून होतो न होतो तोच पडद्यावर पाटी येते, ‘हे आवडले ना, मग हे पाहा.’ यंत्राची रीत अशी, की तुम्ही पाहिले ते आणखी हजारोंनी पाहिले. त्या हजारोंनी पुढे काय पाहिले ते मोजायचे आणि तुमच्यासमोर ठेवायचे. तुम्ही कुठे थांबलात, काय अर्ध्यात सोडलेत, याचीही नोंद ते ठेवते. मी त्याला नावे ठेवत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने याच वाटेने जुनी मराठी नाटके शोधून काढली आणि मला आणून दाखवली. पण मोजणारे यंत्र आणि पूर्वीची नाटक मंडळी यांच्यात एक साम्य आहे. दोघांनाही तुम्ही कोणत्या चित्राशी थांबलात ते समजते. थांबलात तेव्हा मनात काय आले ते विचारण्याची सोय दोघांकडे नाही. ‘नटसम्राट’ पाहून त्याच विद्यार्थ्याला यंत्राने आणखी रडवे चित्रपट सुचवले. मी त्याला विचारले, ‘अरे भाऊ, गणपतराव बेलवलकरांचे काय आवडले तुला?’ तो म्हणाला, ‘सर, त्यांची पोरं वाईट नाहीत. त्यांचंही बरोबर वाटतं, अन् त्याचाच जास्ती राग येतो.’ हे उत्तर यंत्राला कसे कळणार? शिरवाडकरांचे नाटक 1970 चे. त्याच्या पाठीमागे शेक्सपिअरचा लियर उभा आहे. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ मी त्याला दिला. तिथे मुली खरोखर दुष्ट आहेत, म्हणून त्याला तो कमी आवडला. आवडू नये असे थोडेच आहे? पण कमी का आवडला हे त्याने मला अर्धा तास सांगितले, आणि तो अर्धा तास मला त्याच्या परीक्षेतल्या गुणांपेक्षा मोलाचा वाटतो.

आता ज्याच्यासाठी एवढे बोललो त्या श्यामकडे येतो.

श्याम कोकणातला असला तरी त्याच्यावर आपल्या खानदेशाचा हक्क आहे. साने गुरुजी 1924 साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले आणि 1930 साली मिठाच्या सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेले. मधल्या काळात छात्रालयाच्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत. पुढे 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. 1936 साली आमच्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले, तेव्हा त्याच्या तयारीसाठी गुरुजी या भागातली गावे पायाखाली घालीत होते. 1953 साली अत्र्यांनी चित्रपट काढला. त्याला देशातल्या सर्वोत्तम चित्रपटाचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. वनमालाबाईंची आई आणि माधव वझ्यांचा श्याम पाहून रडला नाही असा माणूस त्या पिढीत सापडणे कठीण.

असे हे पात्र. बहुतेक मुलांचे पहिले. आणि त्यानंतर आपण काय देतो? श्याम गुणी, म्हणून दुसरा गुणी मुलगा. श्यामच्या आईने संस्कार केले, म्हणून आणखी संस्कारकथा. मुलगा पहिली वाचतो, दुसरी चाळतो, तिसरीला तोंड फिरवतो. मग आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना वाचन नको.

वास्तविक श्याम गुणी मुलगा आहेच कुठे? पुस्तक पुन्हा उघडून पाहा. तो पोहायला घाबरून माळ्यावर लपतो आणि आई त्याला शिंपटीने मारीत विहिरीकडे घालवते. तो पत्रावळ लावायला शिकत नाही, हट्ट करतो, उलट बोलतो. गुरुजींनी स्वतःला कुठेही सोडलेले नाही. मुलांना श्याम आवडतो तो चुकतो म्हणून, आणि चुकल्यावर त्याला कोणीतरी आपले म्हणते म्हणून. ही गोष्ट सुटली की पुढची शिफारस चुकलीच म्हणून समजा.

गुरुजींनी एक सोय मात्र करून ठेवली आहे, तिचा उपयोग आपण करीत नाही. पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा 42 रात्री. म्हणून मुलाला ‘श्याम आवडला का?’ असे विचारू नये. ते ‘हो’ म्हणेल आणि बोलणे संपेल. ‘कोणती रात्र आवडली?’ असे विचारावे. मग पाहा, एका वर्गात किती वेगवेगळे श्याम बसले आहेत ते.

एक जण विहिरीची रात्र सांगेल. त्याला भीती आणि तिच्यावरची मात आवडली आहे. त्याच्या हाती फास्टर फेणे द्या, खुशाल द्या. दुसरा त्या म्हातारीची रात्र सांगेल, जिच्या डोक्यावर लाकडाची मोळी चढवायला शिवाशिवीपायी कोणी पुढे होत नाही आणि आई श्यामला पाठवते. या मुलाला न्यायाची गोष्ट कळली आहे. थोडा मोठा झाला की त्याला ‘फकिरा’ द्यावी. तिसरा सांगेल कर्जाची रात्र, सावकाराचा माणूस दारात येऊन आईला नको ते बोलतो ती. आपल्या भागात ही रात्र सांगणारी मुले कमी नाहीत. केळीचा भाव पडलेल्या वर्षी कोणाच्या दारात कोण येऊन काय बोलून गेले, हे मूल ओसरीच्या खांबाआडून ऐकत असते. अशा मुलाला ‘कर्ज काढू नये’ हे तात्पर्य सांगणे क्रूरपणाचे आहे. त्याच्या बापाला ते ठाऊक आहे. त्याला हवा आहे तो आपल्यासारखा दुसरा कोणी, आपल्या आईसारखी दुसरी कोणी.

ती आहे. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ कादंबरीतली कौतिक. 1960 साली आलेले पुस्तक. वऱ्हाडातले शिंप्याचे घर, नवरा महादेव खचत जाणारा, पदरात मुले, आणि रोजची चूल पेटवण्यासाठी दिवसभर झगडणारी ही बाई. श्यामची आई धीराने सोसते आणि प्रार्थना करते. कौतिक सोसते, भांडते, शिव्या देते, पुन्हा उठते. तिची वऱ्हाडी बोली आपल्या तापीकाठच्या माणसाला परकी वाटत नाही. श्यामची आई आणि कौतिक या एकमेकींना भेटल्या असत्या तर काय बोलल्या असत्या, हा प्रश्न मी वर्गात घालतो, आणि मुलींना तो मुलांपेक्षा लवकर सुटतो. सुमतीबाई किंवा इंदिराबाई अशा सुशिक्षित नायिका शोधत बसण्यापेक्षा आधी कौतिक वाचावी, असे माझे मत आहे. कोणाला पटणार नाही, हे ठाऊक आहे.

आणि चौथा मुलगा सांगतो शेवटच्या रात्रीतली एखादी. आईच्या मृत्यूची. त्या मुलापाशी घाई करू नये. कधीकधी त्याच्या घरात खरोखरच कोणी गेलेले असते. त्याला लगेच दुसरे पुस्तक देण्याचे कारण नाही. पण चार-सहा वर्षांनी, अठरा-एकोणीस वर्षांचा होऊन तो जेव्हा महाविद्यालयात येतो, शहरात खोली करून राहतो, घरून आलेल्या पैशांचा हिशेब चुकतो आणि बापाला पत्र लिहायची लाज वाटते, तेव्हा त्याच्यासाठी आपल्या शेजारच्याच गावात एक पात्र वाट पाहत असते. पांडुरंग सांगवीकर.

सांगवी आपल्या यावल तालुक्यातली. तिथले भालचंद्र नेमाडे यांनी 1963 साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ‘कोसला’ लिहिली. पांडुरंग पुण्याला शिकायला जातो, तिथे त्याचे काही धड होत नाही आणि तो गावी परत येतो. एवढीच कथा. श्याम आणि पांडुरंग यांना एका ओळीत बसवले तर पुष्कळ जण रागावतील. एक हळवा, दुसरा सगळ्याची टर उडवणारा. एक आईचा, दुसरा बापाशी उभा दावा मांडणारा. अमेरिकेतल्या सॅलिंजरच्या 1951 सालच्या कादंबरीतला होल्डन हाच पांडुरंगाचा सोयरा, असे समीक्षक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. त्यालाही धाकटी बहीण आहे आणि त्यालाही मोठ्यांचे ढोंग सोसत नाही. पण पांडुरंगाची धाकटी बहीण मनी मरते. ती पाने वाचा. त्या मुलाचा टवाळपणा तिथे गळून पडतो, आणि राग तेवढा उरतो, देवावर, घरावर, स्वतःवर. श्यामने आईच्या मृत्यूनंतर जे आसवांनी केले, ते पांडुरंग रागाने करतो. दुःख एकाच जातीचे आहे. ज्याला वयाच्या बाराव्या वर्षी शेवटच्या रात्रीने गप्प केले होते, त्याला विसाव्या वर्षी मनीची पाने ओळखीची वाटतात.

मधली चार-सहा वर्षे मात्र रिकामी राहता कामा नयेत. बारा ते अठरा या वयात बहुतेक मुले हातून निसटतात, कारण श्याम लहान झालेला असतो आणि पांडुरंग अजून मोठा असतो. इथे माझी भिस्त व्यंकटेश माडगूळकरांवर आहे. 1955 सालच्या ‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर घ्या. तो धनगरांच्या वाडीवर शाळा उघडायला जातो. आधी मुले येत नाहीत, मग गाव त्याला आपला मानते, आणि अखेर दुष्काळात गावच उठून जाते. पंधरा वर्षांच्या मुलाला हा मास्तर मोठ्या भावासारखा वाटतो. शिक्षकांनी तर तो स्वतःसाठीही वाचावा. 1995 साली अमोल पालेकरांनी त्यावर चित्रपट केला. ज्याला वाचनाचा कंटाळा त्याला आधी तो दाखवा.

आता व्यवहाराचे थोडे. आपल्या शाळांतून पुस्तकांची नोंदवही असते. कोणी नेले, कधी परत केले, एवढेच तिच्यात. तिला आणखी एक रकाना आखावा आणि पुस्तक परत करताना मुलाने सांगितलेले एक वाक्य तिथे लिहावे. कोण आवडले आणि कुठे. खर्च काही नाही. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी 1931 साली जे नियम मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असे दोन नियम आहेत. पहिला आपण भिंतीवर लिहितो. दुसऱ्यासाठी हा रकाना लागतो. मुलाने ‘कोणीच आवडले नाही’ असे सांगितले तर तेही लिहावे. पुढच्या वेळी उपयोगी पडते.

एका ओळखीच्या शिक्षिकेने आपल्या शाळेत असा रकाना दोन वर्षे ठेवला आहे. अकरावीतल्या एका मुलीच्या नावापुढे आठवीत असतानाची नोंद नव्हती, म्हणून बाईंनी तिला आता विचारले, ‘तुला ‘श्यामची आई’तली कोणती रात्र आठवते?’ मुलगी म्हणाली, ‘कर्जवाली. पण मला श्यामचं नाही आठवत, बाई. आईनं त्या माणसाला काय उत्तर दिलं असतं, तेच मी मनात ठरवीत बसले होते.’ बाईंनी तिला ‘धग’ दिली आहे. अजून ती परत आलेली नाही.